उत्तरे चाळीस, गाडी एकही नाही

भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. न्हावरे, मांडवगण फराटा, पारगाव, राहू, केडगाव, यापैकी कुठल्याही गावचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला तर दिवसाचा क्रम साधारण सारखाच दिसतो. पहाटे सुप्रभात, मग कुणाचा दहावा, कुणाचा साखरपुडा, मोटारीच्या विजेचे वेळापत्रक, उसाला तोड कधी येणार याची चौकशी आणि अंधार पडला की बिबट्या. या सगळ्यात अधूनमधून एक प्रश्न येतो तो आरोग्याचा. तो इतर प्रश्नांसारखाच दिसतो, त्याला उत्तरेही तशीच येतात. फरक एवढाच, की तोडीबद्दल चुकीचे उत्तर मिळाले तर ऊस चार दिवस उभा राहतो.

असा एक संवाद डोळ्यांसमोर आणून पाहावा. जुलैचा महिना, रात्रीचे सव्वाबारा. रात्रपाळीची वीज म्हणून बाप आणि मुलगा पाणी धरायला गेलेले. मुलगा लिहितो, "दादांच्या पायाला काहीतरी चावलंय. दोन बारीक ठिपके आहेत. काय करावं?" पहिले उत्तर मिनिटाच्या आत: "वर घट्ट बांधा, विष चढायला नको." दुसरे: "मिरची खायला द्या, तिखट लागलं तर काही नाही." तिसरे: "कडुलिंबाचा पाला द्या." चौथ्याने शेजारच्या गावातल्या जाणत्या माणसाचा नंबर टाकला. पाचव्याने विचारले, "साप कोणता? फोटो टाका." बॅटरीच्या उजेडातला धूसर फोटो आला आणि चर्चा तिकडे वळली. एक म्हणतो घोणस, दुसरा म्हणतो अजगराचे पिल्लू, तिसऱ्याला ती डुरक्या घोणस वाटते. या गडबडीत नवव्या क्रमांकावर कुणीतरी लिहिले, "बाकी काही करू नका, दौंडला सरकारी दवाखान्यात न्या." त्याच्यावर पंधरा संदेश येऊन पडले. त्यानंतर हात जोडलेली चित्रे. पहाटे पाचला कुणाचा तरी सुप्रभात, गुलाबाच्या फुलासह.

बरोबर उत्तर आले होते. वेळेवर आले होते. तरी ते कुणाच्या हाती लागले नाही. याचे खापर लोकांच्या अडाणीपणावर फोडण्याची सवय शहरी आणि वैद्यकीय वर्तुळात आहे. ती सोयीची आहे, पण बरोबर नाही. त्या ग्रुपमध्ये शिक्षक, इंजिनिअर, कारखान्यातले कामगार, परदेशी गेलेली मुले असे सगळे असतात. दोष बराचसा चर्चेच्या घडणीत आहे. ही घडण समजून घेतली तर ती सुधारता येते, लोकांना मात्र रात्रीतून सुधारता येत नाही.

संगणकावरच्या सार्वजनिक चर्चेची सुरुवात अमेरिकेत झाली. ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये यूजनेट नावाची व्यवस्था कल्पिली आणि पुढच्या वर्षी ती चालू झाली. पुढे तिथे प्रत्येक संदेशाला स्वतःचा एक क्रमांक असे, आणि उत्तर देणाऱ्याच्या संदेशात तो कोणत्या संदेशाला उत्तर देतो आहे त्याचाही क्रमांक असे. एवढ्या साध्या नोंदीवर सगळा डोलारा उभा राहतो. क्रमांक जुळवत गेले की झाड तयार होते. मुळाशी प्रश्न, त्याला फुटलेल्या फांद्या म्हणजे उत्तरे, फांदीला फांदी म्हणजे उत्तराला आलेले उत्तर. इंग्रजीत त्याला थ्रेड म्हणू लागले. मराठीत तोच शब्द 'धागा' म्हणून आला आणि १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'मायबोली'सारख्या ठिकाणी देशोदेशीच्या मराठी माणसांनी तो रुळवला. झाडाच्या रूपात चर्चा मांडली की सापाच्या जातीवरचा वाद एका फांदीवर चालू राहतो, आणि "दवाखान्यात न्या" हे उत्तर थेट प्रश्नाखाली, मुळाला चिकटून राहते.

व्हॉट्सॲप ग्रुपला झाड नाही. तिथे ओढा आहे. जे शेवटी आले ते समोर, आधीचे वाहून गेलेले. एखाद्या विशिष्ट संदेशाला धरून उत्तर देण्याची सोय आहे, पण घाईत ती कोण वापरतो? म्हणून मुलगा "हो" असे लिहितो तेव्हा तो "हो, बांधलं" म्हणतो आहे की "हो, निघालो", हे कुणालाच कळत नाही. वाचणारे आपापल्या सोयीने अर्थ लावतात. "निघाले वाटतं" असे समजून ज्याच्या दारात जीप उभी आहे तो झोपून जातो. रात्री सव्वाबाराला एका "हो"चा हिशेब एवढा महाग पडू शकतो.

दुसरी गोष्ट पहिल्या उत्तराची. पहिले उत्तर बहुधा सर्वात जाणत्या माणसाचे नसते. ते ज्याच्या हातात त्या क्षणी फोन असतो त्याचे असते. पण त्याचा प्रभाव मोठा पडतो. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका चर्चास्थळावरच्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काही प्रतिक्रियांना, त्यांचा दर्जा न पाहता, सुरुवातीलाच एक पसंतीचे मत मुद्दाम देण्यात आले. त्या एका मताने पुढच्या वाचकांचा कल बदलला आणि अखेर अशा प्रतिक्रियांचे गुणांकन सरासरी २५ टक्के अधिक भरले. मजकूर तोच, फक्त आधी कुणीतरी मान डोलावली होती. गावच्या ग्रुपमध्ये ही मान डोलावणारी व्यक्ती सरपंच असेल, कारखान्याचा संचालक असेल, नात्यातला थोरला असेल, तर विचारायलाच नको. "घट्ट बांधा" हे तात्यांनी म्हटल्यावर "बांधू नका" असे लिहिणारा बारावी झालेला पोरगा दोनदा विचार करतो आणि लिहीत नाही.

बांधण्याचेच पाहू. घोणस किंवा फुरसे चावले की जागा सुजते. वर दोरी आवळलेली असली तर खालचा रक्तपुरवठा तुटतो, विष एका जागी साठून तिथले मांस सडू लागते आणि दवाखान्यात दोरी सोडल्यावर ते एकदम शरीरात पसरू शकते. जीव वाचतो आणि पाय जातो, असेही होते. करायचे ते फार थोडे असते. माणसाला धीर द्यायचा, चालवायचे नाही, चावलेला अवयव काठीला किंवा फळीला सैल कापडाने बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ काढायचे आणि गाडी पाहायची. चिरा नाही, चोखणे नाही, बर्फ नाही, मिरची तर नाहीच. सापाच्या फोटोवरून चाललेला वादही उपचारासाठी गरजेचा नसतो. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. डॉक्टर सापाकडे नाही, रुग्णाकडे पाहून ठरवतात. रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. गोठले नाही तर रक्तावर परिणाम करणारे विष अंगात गेले आहे. इतकी साधी तपासणी आहे, ती ग्रामीण रुग्णालयातही होते. फोटो आयता असेल तर असू द्यावा, त्यासाठी उसात साप शोधत फिरू नये.

यापेक्षा अवघड प्रकार मण्यारीचा. तिचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. गळीत हंगामात बीड-अहिल्यानगरकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या कोप्यांमध्ये तर झोपण्याला जमिनीशिवाय जागा नसते. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते, घसा जड होतो, पापण्या उघडत नाहीत. आता ग्रुपवर प्रश्न काय पडतो? "आईच्या पोटात खूप दुखतंय, उलट्या होताहेत, काय द्यावं?" उत्तरे येतात ती पोटदुखीची. ओवा, सोडा, लिंबू, ॲसिडिटीची गोळी. सगळी उत्तरे सद्भावनेची, एकमेकांना दुजोरा देणारी, आणि सगळी चुकीच्या प्रश्नाची. धाग्याचे पहिले वाक्य पुढच्या पन्नास संदेशांची दिशा ठरवते, आणि ते मोडून "पापण्या जड आहेत का, रात्री जमिनीवर झोपल्या होत्या का" असे उलट विचारणारा तिथे सहसा कुणी नसतो. दवाखान्यात डॉक्टर जे करतो त्यातला निम्मा भाग हाच असतो: रुग्णाने घेऊन आलेला प्रश्न बाजूला ठेवून दुसरे प्रश्न विचारणे. ग्रुप उत्तर देतो, उलट विचारत नाही.

आणि मग येतो सगळ्यात फसवा भाग: अनुभव. "माझ्या चुलत्याला चावला होता, त्या बाबांनी एका रात्रीत उतरवलं." हे वाक्य बहुधा खरे असते. चुलते खरेच बरे झाले. आपल्या शेतात दिसणारे बहुतेक साप बिनविषारी आहेत. धामण, दिवड, मण्यारीसारखाच दिसणारा कवड्या. विषारी सापाच्याही काही दंशांत विष उतरतच नाही किंवा नाममात्र उतरते. या सगळ्यांना मंत्राने, पाल्याने, मिरचीने बरे वाटते, कारण त्यांना काहीच न करताही बरेच वाटणार असते. ते सगळे ग्रुपवर आहेत आणि हिरिरीने लिहितात. ज्यांचा मंत्र लागू पडला नाही, ते लिहायला नाहीत, आणि त्यांच्या घरचे त्या विषयावर बोलत नाहीत. त्यामुळे कुठल्याही धाग्यात यशाच्या साक्षी दहा आणि अपयशाची एकही नाही. वाचणाऱ्याला दहापैकी दहा दिसतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले असावेत, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले निम्म्याच्या आसपास पावसाळ्याच्या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यातले. एवढी माणसे कुठल्याच चर्चेत साक्ष देत नाहीत.

जुन्या धाग्यांचे आणखी एक दुखणे असते. उत्तर ज्याला दिले तो बरा होऊन विसरून जातो, उत्तर मात्र फोनमध्ये राहते. सहा महिन्यांनी दुसरा कुणी 'शुगर' असा शब्द टाकून शोधतो, त्याला गोळीचे नाव सापडते आणि तो ती मेडिकलमधून आणतो. मूळ रुग्ण चाळीस वर्षांचा, रोज दोन वेळा जेवणारा होता. हा सत्तरीचा आहे, मूत्रपिंड थकलेले आहे आणि आज एकादशी आहे. ग्लिमेपिराईडसारखी गोळी उपाशीपोटी घेतलेला म्हातारा दुपारी घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो आणि घरचे समजतात की साखर वाढली. उत्तरावर रुग्णाचे नाव नसते, वय नसते, उपवास नसतो.

चर्चा नीट बांधली तर ती किती दूर नेते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. लाल विंचवाच्या दंशाने तरुण मुले हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन मरत होती. त्यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून लक्षणांची नोंद ठेवली आणि १९८२ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग त्यांनी मांडला. पुढे प्रतिविष द्यावे की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. तो मिटवायला त्यांनीच रुग्णांचे दोन गट पाडून चाचणी केली. ती २०११ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली आणि नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्रतिविषासह प्राझोसिन दिलेले रुग्ण लवकर बरे होतात असे दिसले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण इथे महत्त्वाचे आहे ते वेगळेच. हा जवळजवळ तीस वर्षे चाललेला धागाच होता. प्रत्येक उत्तराखाली नाव होते, तारीख होती, ते कोणत्या आधीच्या लेखाला उत्तर आहे याचा उल्लेख होता, किती रुग्णांवरून बोलतो आहोत आणि त्यातले किती दगावले, हेही होते. दगावलेल्यांची मोजणी त्या चर्चेत सक्तीची होती. गावच्या ग्रुपमध्ये तीच नेमकी नसते.

अर्थात सव्वाबारा वाजता कुणी 'लॅन्सेट' उघडत नाही, आणि उघडूही नये. म्हणून काही डॉक्टर मंडळी म्हणतात तसे हे ग्रुप बंद करावेत, निदान आरोग्याचे बोलणे तरी बंद करावे, हा उपाय मात्र पटण्यासारखा नाही. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या दिसल्याची खबर पाच मिनिटांत पाचशे घरांत जाते, पोरे आत घेतली जातात, ती याच ग्रुपमुळे. अपघातात रक्त हवे असते तेव्हा रक्तदाते याच ग्रुपवरून उभे राहतात. ग्रुप ही उत्तम दवंडी आहे. दवंडीने माणसे गोळा होतात, गाडी मिळते. निदान आणि उपचार दवंडीवर ठरवायला लागलो की बिघडते. शिवाय लोक रात्री ग्रुपवर का विचारतात, याचे उत्तर आरोग्य व्यवस्थेलाही द्यावे लागेल. दवाखान्याचा फोन उचलला जाईल याची खात्री असती, प्रतिविष शिल्लक आहे की नाही हे आधी कळत असते, तर निम्मे प्रश्न ग्रुपवर आलेच नसते. "तिथे गेल्यावर पुढे पाठवतात" हा समज उगाच तयार झालेला नाही. सरकारी डॉक्टर या ग्रुपवर असले तरी बहुधा गप्प असतात. लिहिलेले अंगाशी येईल ही भीती त्यामागे असते. ती समजण्यासारखी आहे, पण जाणता माणूस गप्प बसला की मोकळी जागा कोण भरतो, ते वर दिसलेच.

घडण बदलता येते, आणि ती बदलल्याचा दाखला आपल्या राज्यातल्या एका काळ्या दिवसाशी जोडलेला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजाच्या पाच जणांना मारून टाकले. फिरत्या संदेशांनी पेटलेल्या अशा घटना तेव्हा देशभर घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचहून अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन आणले. माणसे तीच राहिली, नळाची तोटी फक्त लहान झाली. गावाच्या पातळीवर तोटी ॲडमिनच्या हातात आहे.

तेव्हा अपेक्षा फार मोठ्या नाहीत. रात्रीचा तातडीचा प्रश्न आला की ॲडमिनने थोडा वेळ ग्रुप फक्त ॲडमिनसाठी खुला करावा. त्यात एकच गोष्ट चालावी: गाडी कुणाची, कुठे पोचली, कोणत्या दवाखान्यात चालली आहे. १०८ ला फोन झाला का, हे विचारावे. आशाताई आणि आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी ग्रुपवर असावेत आणि त्यांच्या उत्तराला मूळ प्रश्न जोडलेला असावा, म्हणजे "हो" आणि "नको" यांचा घोळ होणार नाही. फोनवर अनुभव सांगणाऱ्याला साप ओळखला गेला होता का, एवढे तरी विचारावे. आणि रुग्ण घरी आल्यावर, किंवा न आल्यावरही, काय झाले ते त्याच धाग्याखाली कुणीतरी लिहावे. हे सगळ्यात अवघड आहे. दुःखातल्या घराकडून ती अपेक्षा करता येत नाही, म्हणून हे काम आशाताईंनी किंवा आरोग्य सेवकाने, घरच्यांच्या संमतीने, नाव न घेता करावे. दोन पावसाळ्यांत गावाकडे स्वतःचा हिशेब तयार होईल: किती जणांना चावले, किती आधी मांत्रिकाकडे गेले, किती तासांनी दवाखाना गाठला, पुढे काय झाले.

पाबळच्या विज्ञान आश्रमासारखी संस्था शिरूर तालुक्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये ती उभी केली तेव्हापासून हाताने करून शिकणे हा तिचा बाणा आहे. शाळेच्या मुलांनी गावचा असा तक्ता ठेवणे त्या परंपरेला धरूनच होईल.

केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे उद्दिष्ट त्यात आहे. लस, प्रशिक्षण, नोंदणी हे सगळे त्यात आले, पण चावल्यापासून दवाखान्याच्या दारापर्यंतचा तास अजून गावाच्याच हातात आहे, आणि त्या तासातले निर्णय आता पारावर होत नाहीत, फोनवर होतात.

एक संदेश मात्र आजच लिहून ठेवण्यासारखा आहे. जवळच्या ज्या सरकारी रुग्णालयात प्रतिविष ठेवले जाते त्याचे नाव आणि चालू असलेला नंबर, १०८, रात्री गाडी काढणाऱ्या गावातल्या तीन जणांचे नंबर, आणि चार ओळी: चालवू नका, आवळून बांधू नका, अंगठी-जोडवी काढा, लगेच न्या. तो ग्रुपच्या माथ्यावर पिन करून ठेवता येतो. मात्र अशी पिन जास्तीत जास्त तीस दिवस टिकते, मग आपोआप निघते. जून ते ऑक्टोबर म्हणजे पाच वेळा पुन्हा लावावी लागेल, आणि दर वेळी त्यातले नंबर लागतात की नाही हे फोन करून पाहावे लागेल. हे काम कुणाचे, ते मे महिन्यातल्या ग्रामसभेत नाव घेऊन ठरवावे.